कोलेस्टेरॉलची गोळी बंद का पडते?

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)



आज बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम सांगते. घरात औषधं ठेवायची जी जागा असेल, डबा असो, फळीवरची पिशवी असो, की पेटीचा कोपरा असो, तिथून सगळ्या गोळ्या बाहेर काढा. त्यात एखादी अर्धी राहिलेली पट्टी सापडते का ते पाहा. तिच्यावर ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं नाव असेल तर ती कोलेस्टेरॉलची गोळी आहे. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर नातवाला नाहीतर आशाताईला दाखवा. आणि ती पट्टी दोन-तीन महिन्यांपासून तशीच पडून असेल, तर आजचं बोलणं तुमच्याच घरासाठी आहे.

कोणाला रागवायला मी ही पट्टी शोधायला सांगितली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल काढला होता. त्यात असं दिसलं की श्रीमंत देशांतसुद्धा लांब मुदतीच्या आजाराचे साधारण अर्धेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे शिकलेले, पैसेवाले, दवाखान्याजवळ राहणारे लोकही गोळ्या सोडतात. तेव्हा गोळी बंद पडली म्हणजे माणूस आळशी किंवा अडाणी आहे, असं समजू नका. बंद पडलेल्या प्रत्येक गोळीमागे काहीतरी कारण असतं. ते कारण सापडलं की अर्धं काम झालं. ते कसं शोधायचं आणि गटातल्या बायांना त्यात काय करता येतं, ते आज बोलू.

पाटात साचणारा गाळ

आधी कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते समजून घेऊ. हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीराला तो लागतोच. त्यातला बराचसा आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतःच तयार करतं, आणि थोडा खाण्यातून येतो. म्हणून काटक, मेहनती, अंगावर मांस नसलेल्या माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं असू शकतं. काही घरांत ते आईबापाकडूनच येतं. ‘आम्ही रोज राबतो, आम्हाला कशाचं कोलेस्टेरॉल’ असं म्हणून चालत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये दोन नावं पाहायची. एलडीएल हे वाढलं की वाईट. एचडीएल हे बरं. डॉक्टर गोळी देतात ती मुख्यतः एलडीएल खाली आणायला.

आपल्याकडे मामा तलावातून पाट निघतो आणि बांध्यांना पाणी नेतो. त्या पाटात दरवर्षी थोडा थोडा गाळ बसतो. पाणी जातच असतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मग ऐन गरजेच्या वेळी शेवटच्या बांधीत पाणी पोचत नाही, तेव्हा कळतं. एलडीएल जास्त असलं की रक्ताच्या नळीतही असंच होतं. चरबीचा थर नळीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचतो. नळी अरुंद होते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि वाट एकदम बंद होते. हे हृदयाच्या नळीत झालं तर हार्ट अटॅक येतो आणि मेंदूच्या नळीत झालं तर लकवा मारतो.

पण पाटातला गाळ निदान खाली वाकून पाहता तरी येतो. कोलेस्टेरॉल दिसत नाही, दुखत नाही, ताप येत नाही, चक्कर येत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. दुखत नसलेल्या गोष्टीची गोळी रोज आठवणीने घेणं कोणालाही कठीणच जातं.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

कोणी म्हणेल, हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे आजार आहेत, आपल्या रानातल्या लोकांना मलेरिया आणि साप. तर गडचिरोलीचीच माहिती ऐका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली. एकूण १,५९९ मृत्यू झाले होते. त्यातले २२९ लकव्याने झाले, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. एवढे मृत्यू दुसऱ्या कोणत्याच एका कारणाने झाले नव्हते. लकव्याने गेलेल्यांत जवळपास निम्म्या बाया होत्या. आणि लकव्याच्या १०० मृत्यूंपैकी ८७ घरीच झाले.

त्यांतले निम्म्याहून जास्त लोक लकवा आल्यावर महिनाभरापेक्षा अधिक जगले आणि मग गेले. त्या दिवसांत अंथरुणावरच्या माणसाला कोणी भरवलं असेल, कोणी कूस बदलली असेल, कोणाची मजुरी बुडाली असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

लकव्याचं पहिलं कारण वाढलेलं बीपी. त्याच्या जोडीला शुगर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल. हे चौघे बहुतेक वेळा सोबतच येतात, म्हणून माणसाला गोळ्याही तीन-चार लागतात. हृदयविकाराचंही तसंच. खुद्द डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. दुसऱ्यांना आरोग्य शिकवणाऱ्या डॉक्टरलाही हा आजार गाठतो, मग आपण कोण?

गोळी आली कुठून

बऱ्याच लोकांना वाटतं की ही केमिकलची गोळी आहे, अंगाला गरम पडते, सवय लावते. म्हणून ही गोळी कुठून आली ते थोडक्यात सांगते.

जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते. १९३३ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले. पावसाळ्यात आपल्याकडची पोरं रानात सात्या शोधत फिरतात ना, तसंच त्यांना लहानपणी आजोबांनी बुरशी आणि अळंब्यांचं वेड लावलं होतं. मोठेपणी त्यांनी हजारो प्रकारच्या बुरश्या तपासल्या. कोलेस्टेरॉल कमी करणारं काही त्यांत सापडतं का, हे ते पाहत होते. १९७३ साली त्यांना ते सापडलं, आणि कशात? क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर बुरशीत. त्या शोधातून पुढे या गोळ्यांचं सगळं कुटुंब तयार झालं. त्यांना स्टॅटिन म्हणतात. १९८७ सालापासून त्या बाजारात आहेत. म्हणून बुरशी लागलेला तांदूळ खाऊ नका बरं का, तो विषारी असतो. औषध वेगळं आणि बुरशी वेगळी.

या गोळीचा खरंच उपयोग होतो का? १९९४ साली युरोपातल्या थंड देशांत, स्वीडन-नॉर्वेच्या बाजूला केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. अर्ध्यांना स्टॅटिन दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांनंतर पाहिलं तर साध्या गोळीच्या बाजूला १०० पैकी १२ माणसं दगावली होती, आणि स्टॅटिनच्या बाजूला ८. म्हणजे १०० घरांपैकी चार घरांतलं माणूस वाचलं. पण हा फायदा रोज, वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावरचा आहे.

आपल्या बचतीसारखंच आहे हे. महिन्याला शंभर रुपये टाकताना काहीच वाटत नाही, एका महिन्यात काही फरकही दिसत नाही. पाच वर्षांनी पोरीच्या लग्नाला किंवा बियाण्याला तेच पैसे उभे राहतात. आणि मध्येच हप्ता बंद केला तर?

गोळी बंद पडण्याची कारणं

आता मुद्द्यावर येऊ. समजा एका घरातले मामाजी हिवाळ्यात हार्ट अटॅकमधून वाचले. घरी येताना डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहून दिल्या. होळीपर्यंत त्या नीट चालल्या, आणि आता पट्टी फळीवर पडून आहे. सून रोज विचारते, “मामाजी, गोळी घेतली का?” मामाजी म्हणतात, “हो, घेतली.” विषय संपला.

या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. नाही म्हटलं तर बोलणी खावी लागतात, हे म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. तोच प्रश्न असा विचारून पाहा:

“मामाजी, रोजची गोळी कधी कधी राहूनच जाते माणसाची. मागच्या आठवड्यात तुमची किती दिवस राहिली असेल?”

“राहिली असेल चार-पाच दिवस.”

“घेतली की काही तरास होते का?”

“पोटऱ्यांत गोळे येतात. अन् आता छातीत तर काही दुखत नाही. कशाला खायच्या एवढ्या गोळ्या?”

पाहा, दोन कारणं लगेच बाहेर आली. पहिल्या प्रश्नात पोलिसासारखी चौकशी होती. दुसऱ्या प्रश्नात आधीच कबूल केलं की गोळी राहून जाते, त्यात काही मोठा गुन्हा नाही. म्हणून माणूस खरं बोलला. आता आपल्या भागात कोणकोणती कारणं निघतात आणि प्रत्येकावर काय करायचं, ते एकेक पाहू.

पहिलं कारण: “रिपोर्ट नॉर्मल आला, मग बंद केली.” हे अगदी नेहमीचं. पण रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जुन्या ठिकाणी जातं. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो, तसं हे औषध नाही. हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल साधारण ७० च्या खाली असावं असं डॉक्टर पाहतात, काहींचं त्याहूनही खाली. म्हणून ‘नॉर्मल’ या शब्दावर समाधान मानू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, “आमच्या माणसाचं एलडीएल कितीवर आणायचं आहे?” तो आकडा कागदावर लिहून घ्या.

दुसरं कारण: “पाय दुखतात, अंग दुखतं.” हे खोटं म्हणून उडवून लावू नका. स्टॅटिनमुळे काही लोकांचे स्नायू दुखू शकतात. पण दुखणाऱ्या प्रत्येक पायाला गोळीच कारण असते असंही नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली गोळी दिली, आणि काही महिने काहीच दिलं नाही. आत्ता कोणती गोळी चालू आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास साध्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, पण तो बहुतेक गोळीच्या धास्तीने होत होता. हे समजल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हा पाय दुखले तर गोळी गुपचूप बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. ते रक्त तपासतात, मात्रा कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अंग खूप दुखतं आहे, अशक्तपणा आला आहे आणि लघवी काळ्या चहासारखी होते आहे, किंवा डोळे पिवळे दिसत आहेत, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. असं क्वचितच होतं, पण झालं तर थांबायचं नाही.

तिसरं कारण: “गोळ्या संपल्या. आणायला जायचं तर दिवसाची मजुरी जाते.” ही माणसाची चूकच नाही. एसटी दिवसातून दोनदा येणार, तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं आणि औषध संपलं आहे हे ऐकून परत यायचं. यावर दोन-तीन उपाय आहेत. आपल्या जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात का, हे गटाने एकदा जाऊन विचारावं. एकटीने विचारलं तर ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, दहा जणींनी विचारलं तर मागणी लिहून घेतली जाते. विकतच घ्यायच्या असतील तर जनऔषधी केंद्रात हेच औषध बरंच स्वस्त मिळतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगा. आणि पट्टीत सात गोळ्या उरल्या की आणायची तयारी करा, शेवटची गोळी खाऊन झाल्यावर नाही.

औषध गावाजवळ मिळालं की फरक पडतो, हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. २०१७ च्या शेवटी देशातल्या २६ जिल्ह्यांत बीपीच्या रुग्णांसाठी एक उपक्रम सुरू झाला. त्यात आपल्या विदर्भातले भंडारा आणि वर्धा होते. सगळ्यांना ठरलेली साधी औषधं, त्यांचा साठा संपू न देणं, महिन्याची गोळी रुग्णाच्या जवळच्या केंद्रात देणं, आणि जो रुग्ण आला नाही त्याला निरोप धाडणं, अशी ती पद्धत. कोलेस्टेरॉलच्या गोळीलाही हीच गरज आहे.

चौथं कारण: हंगाम. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे रानात, दुपारी पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर पत्ता मोजून देणं. मग रोवणी. मग हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात. घराबाहेर पडताना चादर, भांडी, तांदूळ सगळं बांधतो, गोळ्यांची पट्टी फळीवरच राहते. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी जितके दिवस जायचं तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. त्या चिठ्ठीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. तांदूळ कोणी विसरत नाही. गोळ्या उन्हात, चुलीजवळ किंवा ओल्या जागी ठेवू नका.

पाचवं कारण: विसरणं. रोज जे काम चुकत नाही, त्याला गोळी बांधून टाका. सकाळचा चहा, रात्रीचं जेवण, दिवा लावणं, काहीही. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसा घेतली काय, रात्री घेतली काय, दोन्ही चालतं, फक्त वेळ रोज तीच असावी. डॉक्टरांनी रात्रीची सांगितली असेल आणि मामाजी रात्री विसरत असतील, तर सकाळी घेतली तर चालेल का, हे त्यांनाच विचारा. एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

सहावं कारण: “झाडपाल्याचं औषध सुरू केलं आहे.” आपल्या रानातल्या वनस्पतींचं ज्ञान मोठं आहे, त्याचा अपमान करू नका. पण झाडपाला घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, काही वनस्पती आणि गोळ्या एकमेकींशी जमत नाहीत. आणि झाडपाला घेतो म्हणून गोळी थांबवायची नाही. विशेषतः ज्यांना हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला आहे, त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गाठ बसून जीव जाऊ शकतो. सगळ्या गोळ्या सारख्याच दिसतात, म्हणून घरात कोणती गोळी कशाची हे एकीला तरी नीट माहीत असलं पाहिजे.

आणि सातवं कारण खास आपलं, बायांचं. घरच्यांची गोळी आणायला बाई तालुक्याला जाते, आणि स्वतःची गोळी ‘पुढच्या बाजाराला’ म्हणून राहते. कधी नवऱ्याच्या पट्टीतलीच एक गोळी ती खाते, त्याच्या महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपतात आणि दोघांचीही मात्रा चुकते. पाळी गेल्यावर बायांचं एलडीएल वाढतं. गडचिरोलीत लकव्याने गेलेल्यांत निम्म्या बाया होत्या, हे मघाशी सांगितलंच. तेव्हा तुमची स्वतःची पट्टी, स्वतःची चिठ्ठी आणि स्वतःची तपासणी वेगळी हवी. मात्र जिला दिवस गेले आहेत, मूल हवं आहे किंवा जी अंगावर पाजते आहे, तिने स्टॅटिन सुरू असल्यास लगेच डॉक्टरांना सांगावं. या काळात ही गोळी सहसा थांबवतात.

पथ्य आणि गोळी

“तेल सोडलं, मग गोळी कशाला?” असंही कोणी विचारतं. मघाशी सांगितलं की बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. म्हणून ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांचं एकट्या पथ्यावर भागत नाही. आणि गोळी घेतो म्हणून रोज भजी खाल्ली तरी चालेल, असंही नाही. दोन्ही लागतं.

पथ्य म्हणजे वेगळा स्वयंपाक नव्हे. एका माणसाला महिन्याला अर्धा लिटर तेल, हा सोपा हिशेब धरा. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. महिन्याच्या सुरुवातीला तेवढंच तेल वेगळं काढून ठेवा. पाम तेल आणि वनस्पती तूप कमी करा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. जवसाची चटणी, वरण, पालेभाज्या, तलावातले मासे हे आपलं जुनंच जेवण आहे, ते चांगलं आहे. आणि खर्रा. गोळी घ्यायची आणि वर खर्रा चघळायचा, म्हणजे पाटातला गाळ एका बाजूने काढायचा आणि दुसऱ्या बाजूने माती टाकायची. ज्याला सोडायचा आहे त्याला एकटं सोडू नका. गडचिरोलीत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ हे अभियान २०१६ पासून चालू आहे, त्यांची मदत मागा.

गटाने करायचं काम

आपण डॉक्टर नाही, नर्स नाही, मग आपल्या बोलण्याने काय होणार, असं वाटेल. तर भारतातलाच एक अभ्यास सांगते. देशातल्या १४ रुग्णालयांतून झटका येऊन घरी गेलेले ८०६ रुग्ण होते. त्यातल्या अर्ध्यांशी आरोग्य कार्यकर्ते वर्षभर संपर्कात राहिले. दवाखान्यात भेटले, घरी गेले, चित्रं दाखवली, डायरी लिहायला लावली आणि गोळी का राहते हे विचारलं. वर्षाअखेरीला या लोकांत १०० पैकी ९७ जण गोळ्या नीट घेत होते, बाकीच्यांत ९२. पाचाचा फरक लहान वाटेल. पण ते पाच जण म्हणजे पाच घरं आहेत, आणि फरक पडला तो गावात फिरणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांमुळे.

आपल्या गटाची बैठक दर महिन्याला होतेच. हप्ता गोळा करणं, वहीत लिहिणं, कोणाचा राहिला तर का राहिला हे शांतपणे विचारणं, हे सगळं आपल्याला येतंच. त्याच बैठकीत दहा मिनिटं औषधासाठी काढा. ज्या घरात बीपी, शुगर किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, तिथून पट्टी आणायची. किती उरल्या ते मोजायचं. महिन्याभरात तीस जायला हव्या होत्या आणि दहाच गेल्या, तर रागवायचं नाही, कारण विचारायचं. एका कार्डावर चार गोष्टी लिहायच्या: औषधाचं नाव, किती मिलिग्रामची गोळी, शेवटचा एलडीएलचा आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर एक ते तीन महिन्यांत रक्त पुन्हा तपासतात. तो आकडा खाली आलेला रुग्णाला दाखवा. दुखणं कमी झालेलं ज्याला जाणवत नाही, त्याला निदान आकडा तरी दिसू द्या. तपासणीला जायला पैसे नसतील तर गटातून छोटं कर्ज द्या. एका दिवशी चार रुग्ण सोबत गेले तर गाडीभाडंही वाटून जातं.

काय करायचं नाही तेही ठरवून घ्या. कोणाला गोळी आपण सुरू करायची नाही, मात्रा वाढवायची-कमी करायची नाही, एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. कोणाचा आजार त्याच्या मर्जीशिवाय बैठकीत बोलायचा नाही. सांगायचं नसेल त्या घरी एकीने एकटीनेच जावं.

आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर मालिश करत, अंगारा लावत बसू नका. त्याच मिनिटाला १०८ ला फोन करा.

आता सुरुवातीला काढलेली ती पट्टी पुन्हा हातात घ्या. खूप दिवसांपासून बंद असेल तर आज स्वतःहून सुरू करू नका. उद्या ती पट्टी आणि जुनी चिठ्ठी घेऊन आरोग्य मंदिरात किंवा डॉक्टरांकडे जा आणि सांगा, “एवढे दिवस बंद होती, या कारणाने बंद होती.” कारण सांगायला लाजू नका. आणि जायच्या आधी, आज रात्रीच्या जेवणाला, ज्याची गोळी आहे त्याच्याजवळ बसून विचारा, “मागच्या आठवड्यात किती दिवस राहिली असेल?” विचारून झालं की त्याला बोलू द्या, आणि ऐकून घ्या.

पुढच्या बैठकीत कोणत्या घरातून कोणतं कारण निघालं ते एकमेकींना सांगा. आम्हालाही कळवा.